पेन्शनरांचे गाव



आमच्या युनियनच्या कचेरीत माणसे येतात ती पगाराची, बोनसची किंवा बडतर्फीची तक्रार घेऊन. पण अठ्ठावन्न वर्षे पुरी होत आली की तोच कामगार निराळा प्रश्न घेऊन येतो. फंडाचे पैसे मिळतील, ग्रॅच्युइटी मिळेल; पण राहायचे कुठे? शहरातली खोली भाड्याची किंवा कंपनीची. गावाकडचे घर पडलेले, नाहीतर भावाच्या वाट्याला गेलेले. मग तो लहानमोठ्या शहरांची नावे घेऊ लागतो. सातारा कसे? मिरज कसे? पुण्याच्या बाहेर कुठे जमेल का? स्वस्त हवे, निर्धोक हवे, दवाखाना जवळ हवा आणि चार ओळखीची माणसे हवीत, एवढीच त्याची मागणी असते.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे पुष्कळ झाले. पण हा प्रश्न इतक्यांनी विचारला की आपल्याकडे निवृत्त माणूस आजवर कुठे गेला आणि तेथेच का गेला, हे धुंडाळावेसे वाटले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडतो. माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. स्वस्त आणि सुरक्षित गाव हे हवापाण्याचे देणे नसते. ते कोणाच्या तरी श्रमाने आणि सार्वजनिक पैशाने उभे राहते, आणि ते निवडण्याची मोकळीक ज्याला दरमहा खात्रीचे उत्पन्न आहे त्यालाच मिळते.

निवृत्ती ही कल्पनाच मुळी नवी आहे. वानप्रस्थाश्रम पोथीत होता. पण कुणबी, सुतार, कुंभार यांना निवृत्तीचे वय नव्हते. हात चालेनासे होत तोवर काम, आणि पुढे मुलाच्या दारी भाकरी. ज्याच्यापाशी पैसा होता तो काशीला जाई, नाशकाला किंवा वाईला गोदा-कृष्णेच्या काठी राही. काम न करता दरमहा पैसा येतो आणि त्या जोरावर माणूस आपले गाव निवडतो, हा प्रकार सरकारी पेन्शनीबरोबर आला.

गंमत अशी की महाराष्ट्राचा सर्वांत नामांकित पेन्शनर खुद्द पेशवा होता. १८१८ च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि त्याला सालीना आठ लाख रुपयांचे पेन्शन ठरले. पण राहायचे कुठे, हे ठरवण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला नाही. दक्षिण सोडायची आणि हिंदुस्थानातल्या एखाद्या क्षेत्री राहायचे, अशी अट होती. कानपुराजवळचे गंगाकाठचे ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर, हे स्थळ मुक्रर झाले. तेथे बाजीरावाबरोबर हजारो माणसे गेली. एका माणसाच्या पेन्शनीवर एक मराठी वस्ती उभी राहिली. कंपनीला वाटले होते त्याहून बाजीराव पुष्कळ जगला. १८५१ च्या जानेवारीत तो वारला आणि डलहौसीने ते पेन्शन दत्तकपुत्र नानासाहेबांना नाकारले. पुढचा इतिहास आपणा सर्वांना ठाऊक आहे. पेशव्याबद्दल आपली मते काहीही असोत. या प्रकरणातून कामगाराने एवढे ध्यानात घ्यावे की मेहेरबानी म्हणून दिलेले पेन्शन एका सहीने थांबते, आणि ते थांबले की त्यावर वसलेले गावही उठते.

मेहेरबानीची ही कल्पना कायद्यातही उतरली. १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनीसंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले. ती कल्पना मोडायला शंभरावर वर्षे लागली. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात निकाल दिला. पेन्शन ही दानधर्माची बाब नसून केलेल्या नोकरीतून उत्पन्न झालेला हक्क आहे, हे त्या निकालाने पक्के केले. तेव्हापासून देशभरचे पेन्शनर तो दिवस पाळतात. खटला संरक्षण खात्यातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. लाभ लक्षावधी माणसांना झाला.

आता बिठूरहून परत दक्षिणेत येऊ. पेशवे गेले आणि त्याच पुण्याला पुढच्या शंभर वर्षांत पेन्शनरांचे गाव असे नाव पडले. हे कसे घडले? हवा चांगली, असे उत्तर सारे देतात. हवा पूर्वीही चांगलीच होती. बदलले ते दुसरेच. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आगगाडी सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. खडकवासल्याचे धरण १८८० च्या सुमारास पुरे झाले. त्याच वर्षी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. मुंबई इलाख्यात कोठेही नोकरी केलेल्या मामलेदाराला, शिक्षकाला किंवा पोस्टमास्तराला पंचावन्नाव्या वर्षी असे गाव हवे होते. आगगाडी दाराशी, धरणाचे पाणी, नातवंडांना शाळा आणि सायंकाळी बोलायला आपल्यासारखाच एखादा पेन्शनर!

हे पेन्शनर गावाला भार झाले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८९३ मध्ये प्राध्यापकीतून निवृत्त झाले आणि पुढे पुण्यात राहिले. १९१७ मध्ये त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था निघाली. हे मोठे उदाहरण झाले. पण वाचनालयाचे हिशेब, शाळांच्या समित्या, नगरपालिकेच्या सभा या गोष्टी कितीतरी अनामिक पेन्शनरांनी फुकट सांभाळल्या. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंतातली व्याख्याने सुरू झाली. ज्यांची सायंकाळ मोकळी आहे असे श्रोते त्या गावात होते, हेही त्या मालेच्या दीर्घायुष्याचे एक कारण असले पाहिजे. आजच्या सभेत पुढल्या रांगांकडे पाहिले तर माझे म्हणणे पटेल.

परंतु याच चित्राची दुसरी बाजू मजुराच्या डोळ्यांनी पाहावी लागते. धरणाचा दगड ज्यांनी फोडला, ज्यांनी माती वाहिली, घाटात ज्यांनी रूळ टाकले, शेतखाने ज्यांनी साफ केले, त्या रोजंदारीच्या माणसांना पेन्शन नव्हते. गाव राहण्याजोगे केले त्यांनी आणि निवांत राहायला मिळाले ते दुसऱ्यांना.

आणि ते निवांतपणही अखंड नव्हते. १८९६-९७ मध्ये प्लेग आला आणि आरोग्यासाठी नावाजलेल्या याच गावातून लोक बाहेर पळाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे काही तासांत मातीस मिळाले. ज्या धरणाच्या पाण्याने पेन्शनर बोलावले, त्या धरणांच्या पाण्यानेच त्यांची घरे नेली. सुरक्षितता हा गावाचा कायमचा गुण नाही. कोणीतरी बांध तपासावा लागतो, गटार उपसावे लागते, आणि हे काम थांबले की हवा चांगली असूनही गाव धोक्याचे होते.

स्वस्ताईचेही तसेच आहे. पुण्यात पेन्शनर राहत ते बहुधा वाड्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि तुटपुंज्या पेन्शनीवर माणूस शहराच्या मध्यावर राहू शकला. घरमालकांनी दुरुस्तीचा हात आखडला, वाडे खिळखिळे झाले, हेही खरे आहे. मग वाडे पडून मालकीचे फ्लॅट उभे राहिले. पिंपरी-चिंचवडकडे १९५४ पासून कारखाने येत गेले होते, नंतर संगणकाचा धंदा आला. १९५१ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत पाच लाखांच्या आत माणसे होती. २०११ च्या जनगणनेत ती एकतीस लाखांच्या वर गेली. आज नव्याने निवृत्त होणाऱ्या कामगाराने पुण्यात घर घ्यायचे म्हटले तर फंड आणि ग्रॅच्युइटी दोन्ही मिळूनही बहुधा पुरत नाहीत. शांततेसाठी जे गाव प्रसिद्ध होते ते प्रसिद्धीनेच महाग होते. हा क्रम एकदा ओळखला म्हणजे 'अमुक गाव आता फार चांगले आहे' अशा जाहिरातीला माणूस चटकन भुलत नाही.

दुसरे गाव साताऱ्याचे. त्यालाही लोक पेन्शनरांचे शहर म्हणतात. पुण्यात कारकून आणि शिक्षक आले तसे साताऱ्याच्या बाजूला फौजेतले पेन्शनर पुष्कळ. या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या सैन्याला माणसे दिली. आपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्दच जोडला गेला आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच निघाली. सैनिक तरुणपणीच निवृत्त होतो. त्याचे पेन्शन लहान असले तरी महागाईबरोबर वाढते आणि दरमहा येते. अशा हजारो लहान पेन्शनींनी साताऱ्याची बाजारपेठ जगवली. मोठे कारखाने फारसे आले नाहीत, म्हणून गावाची वाढ बेताची राहिली. २०११ मध्ये शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आत होती. गाव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेले असल्यामुळे नदीच्या पुराचे भय तेथे नाही. मात्र उतारावरचे रस्ते गुडघे दुखणाऱ्याला सोपे नाहीत, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप याच जिल्ह्यातला, हे घर बांधताना विसरू नये. शिवाय जेथे कारखाने नाहीत तेथे मुलाला नोकरी नाही. आईबाप साताऱ्यात आणि मुलगा पुण्यात, ही तेथली नित्याची कहाणी आहे.

कारकून पुण्यात आणि सैनिक साताऱ्यात. मग मुंबईचा गिरणी कामगार कुठे गेला? माझ्या व्यवसायामुळे मला हा भाग सर्वांत जवळचा आहे. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा घाट घातला. त्यानंतर सव्वाशे वर्षे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून माणसे येत राहिली. पुरुष गाळ्यात गावकऱ्यांबरोबर दाटीने राही, खाणावळीत जेवी आणि मनीऑर्डर गावी पाठवी. बायको गावी शेत कसे, सासूसासऱ्यांना पाही आणि घर उभे ठेवी. हात थकले की पुरुष त्या घरी परत जाई. याला लोक गावाची ओढ म्हणतात. ओढ होती, पण हिशेबही होता. १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा येईपर्यंत बहुतेक कामगारांना म्हातारपणची कायदेशीर तरतूदच नव्हती आणि ग्रॅच्युइटीचा कायदा तर १९७२ चा. तेव्हा गावचे घर आणि बायकोची शेती हेच त्याचे पेन्शन होते. म्हणजे गिरणीमालकाने जी तरतूद करावयाची ती कोकणातल्या आणि घाटावरच्या बायकांनी बिनपगारी केली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप रीतसर कधी मिटलाच नाही. हजारो माणसे चाळिशी-पन्नाशीतच गावी परतली. तीही एक निवृत्तीच होती, फक्त तिला निरोपसमारंभ नव्हता. पुढे गिरण्यांच्या जमिनी विकायची परवानगी मिळाली आणि त्या बदल्यात कामगारांना घरे देण्याचे ठरले. त्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. तोवर कित्येकांच्या वारसांनाच अर्ज करावे लागले. आपल्या म्हातारपणाचे गाव निवडण्याची संधी या लोकांना कधी मिळालीच नाही.

त्यांच्या मुलांना, म्हणजे आज निवृत्त होणाऱ्या पिढीला, गावचे शेत पुरत नाही आणि मुंबई-पुणे परवडत नाही. म्हणून मधल्या आकाराच्या शहरांकडे डोळे लागतात. त्यांपैकी मिरज-सांगलीचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण त्यात दोन्ही धडे एकत्र मिळतात. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. दूरदूरचे रुग्ण आगगाडीने येऊ लागले. त्यांच्यामागे औषधांची दुकाने, खानावळी, डॉक्टरांची घरे आली. १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. एका रुग्णालयाने सत्तर वर्षांत वैद्यकाचे गाव घडवले. म्हातारपणी रात्री छातीत दुखू लागले तर डॉक्टर किती अंतरावर आहे, हा प्रश्न घराच्या किमतीइतकाच महत्त्वाचा असतो, आणि तेथे मिरज उत्तीर्ण होते. पाण्याचेही तसेच. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला पाणी उरले नाही, तेव्हा आगगाडीने पाणी गेले ते मिरजेहून.

पण तीच कृष्णा २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी सांगलीत शिरली. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले आणि अनेक भाग दिवसचे दिवस पाण्याखाली राहिले. नदीकाठची जागा बहुधा स्वस्त मिळते. ज्या वर्षी पूर नाही त्या वर्षी पाहायला गेलेल्या माणसाला घाट सुंदर दिसतो आणि भावही बरा वाटतो. म्हणून मी आमच्या सभासदांना सांगतो की घर उन्हाळ्यात पाहा, पण व्यवहार पावसाळा पाहून करा. नगरपालिकेत जाऊन निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहा, आणि शेजारच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची खूण कुठवर आहे ते तेथल्या दुकानदाराला विचारा.

आता हिशेबाकडे येतो. १९९५ च्या नोव्हेंबरात कामगारांची पेन्शन योजना सुरू झाली. समजा एक कामगार त्याच महिन्यात कारखान्यात लागला आणि तीस वर्षांनी, २०२५ मध्ये, सुटला. त्याची वर्गणी कायद्यातल्या पगारमर्यादेवरच भरली गेली आहे. पेन्शन काढताना ती मर्यादा २०१४ च्या ऑगस्टपर्यंतच्या नोकरीला साडेसहा हजार आणि नंतरच्या नोकरीला पंधरा हजार धरतात. पगाराला वर्षांनी गुणायचे आणि सत्तराने भागायचे, हे सूत्र. दोन वर्षांची सवलत धरूनही आकडा चार ते साडेचार हजारांच्या घरात येतो. सरकारी पेन्शनीला महागाईची जोड असते, हिला नाही. २०१४ साली या योजनेत किमान पेन्शन ठरले ते एक हजार रुपये. साडेचार हजारांत भाडे कोणते, औषध कोणते? म्हणून गाव स्वस्त हवे, ही या माणसाची आवड नव्हे, निकड आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती पुरुष सहसा बोलत नाहीत. नवरा गेला की या योजनेत पत्नीला निम्मे पेन्शन मिळते, म्हणजे वरच्या हिशेबात दोन-सव्वादोन हजार. पुष्कळ घरांत बायको वयाने लहान असते आणि नवऱ्याच्या मागे काही वर्षे एकटी राहते. तेव्हा निवृत्तीचे गाव खरे म्हणजे तिचे गाव असते. तरीही ते ठरते पुरुषाच्या मित्रांच्या सल्ल्याने. तिला पायी जाता येईल असा बाजार आहे का, तिच्या बोलीची, ओळखीची बाई शेजारी आहे का, एस.टी.चा थांबा जवळ आहे का, हे तिलाच विचारले पाहिजे. एस.टी.ने २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आणि २०२३ मध्ये महिलांना अर्ध्या भाड्यात प्रवास दिला. ज्या घराजवळ थांबाच नाही त्या घरातल्या बाईला त्या सवलतीचा उपयोग काय?

मग आमच्या सभासदाला मी काय सांगतो? फंडाचा सगळा पैसा एका दिवसात दगडविटांत घालू नकोस. पहिले वर्षभर भाड्याने राहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढ. सरकारी रुग्णालयात रात्री कोण असते ते पाहा. नळ किती दिवसांनी येतो ते पाहा. मुलगा किती तासांत पोचेल ते मोज. आणि नोकरी सोडण्यापूर्वी फंडाच्या कागदांवरचे नाव, जन्मतारीख आणि वारसाची नोंद दुरुस्त करून घे; एका चुकीच्या अक्षरापायी पेन्शन अडकून राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

पण एवढ्याने काम संपत नाही. चांगले गाव एकेकट्याने शोधू लागलो की जो आधी पोचतो त्याला ते मिळते आणि मागून येणाऱ्याला महाग पडते. पुण्याचा इतिहास हेच सांगतो. उलट पाणी, सरकारी दवाखाना, परवडणारे भाडे आणि एस.टी. या गोष्टी प्रत्येक तालुक्याच्या गावी नीट असतील, तर म्हाताऱ्या माणसाला गाव शोधत हिंडावे लागणार नाही. आहे तेथेच तो सुखाने राहील. त्यासाठी पेन्शन महागाईला जोडले पाहिजे, आणि नगरपालिकेच्या दारात उभे राहायला मोकळा वेळ असलेली माणसे पाहिजेत. असा वेळ पेन्शनरापाशी असतो. जुन्या पेन्शनरांनी तो वाचनालयांना आणि शाळांना दिला. आजच्यांनी त्यातला थोडा रुग्णालयातल्या रिकाम्या जागांसाठी आणि पूररेषेच्या नकाशासाठी द्यावा, अशी माझी विनंती आहे.